आफ्रिकेतला थापाड्या कोतवाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सफारीहून परतलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न सिंहाचा विचारतात. माझ्याकडे सिंहाचा फोटो एकच आहे, तोही झोपलेल्या. एका काळ्या, वीतभर पक्ष्याचे मात्र साठेक आहेत. मग सिंहाचं राहतं बाजूला आणि गप्पा या पक्ष्यावर येतात. समोरून येणारे प्रश्नही आता पाठ झालेत, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

हा आपला कोतवालच ना? मग एवढं कौतुक कशाला?

आपला नव्हे, पण भावकीतला. इंग्रजीत याला फोर्क-टेल्ड ड्राँगो म्हणतात, शास्त्रीय नाव डिक्रुरस ॲडसिमिलिस. मराठीत रूढ नाव नाही, मी आफ्रिकी कोतवाल म्हणतो. आपल्याकडे विजेच्या तारेवर किंवा म्हशीच्या पाठीवर बसलेला दिसतो तो काळा कोतवाल, म्हणजे डिक्रुरस मॅक्रोसर्कस. त्याला काही जण कोळसाही म्हणतात. एके काळी हे दोघं एकाच जातीचे धरले जात. जुन्या भारतीय पक्षिपुस्तकांत आपल्या कोतवालापुढेही 'ॲडसिमिलिस' हेच नाव छापलेलं आढळतं. पुढे वाटण्या झाल्या. त्या अजून संपलेल्या नाहीत: सहाराच्या दक्षिण कडेच्या कोरड्या पट्ट्यातल्या पक्ष्यांनाही आता बरेच तज्ज्ञ वेगळी जात मानतात.

कौतुक कशाला, ते पुढे येईलच.

दिसतो कसा?

चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण २५ सेंटीमीटर, वजन जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास. अंग काळं, उन्हात निळसर झाक मारणारं. शेपटी टोकाला दुभंगलेली, माशाच्या शेपटीसारखी बाहेर वळलेली. चोच दणकट, टोकाला किंचित आकडा. चोचीच्या मुळाशी राठ केस असतात, मिशीसारखे. पाय आखूड, म्हणून जमिनीवर त्याची चाल अगदीच केविलवाणी. बसावं तर फांदीवर, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पण पहिल्यांदा नजरेत भरतात ते डोळे. लालभडक. आपल्या कोतवालाचे डोळे गडद तांबूस असतात, लांबून काळेच वाटतात. याचे मात्र दुर्बिणीतून पाहिलं की निखाऱ्यासारखे. आपल्या कोतवालाच्या जिवणीपाशी बहुधा एक बारीकसा पांढरा ठिपका असतो, तो याला नाही. शेपटीही आपल्या कोतवालाची जास्त लांब आणि जास्त खोल दुभंगलेली. मादी नरासारखीच, फक्त तुकतुकी थोडी कमी. पिल्लांच्या पिसांना फिकट कडा असतात आणि डोळे तपकिरी.

एक गंमत सांगतो. बसलेला असताना हा डांबरासारखा काळा दिसतो, पण डोक्यावरून उडाला की पंखांची मोठी पिसं उन्हात फिकट, जवळजवळ पारदर्शक भासतात. माझ्या पहिल्या दहा फोटोंखाली मी त्यामुळेच वेगळ्या पक्ष्याचं नाव लिहून ठेवलं होतं.

कुणाशी गल्लत होते?

दक्षिण आफ्रिकेत सर्वांत जास्त होते ती काळ्या माशीमाराशी, म्हणजे सदर्न ब्लॅक फ्लायकॅचरशी. तोही काळा, तोही तसाच फांदीवर ताठ बसतो. डोळे पाहा: त्याचे गडद तपकिरी. चोच बारीक आणि शेपटीला मधोमध खाच असेल-नसेल इतकीच. दाट जंगलात दिसला तर चौकोनी शेपटीचा ड्राँगो असण्याची शक्यता जास्त. तो आकाराने लहान असतो आणि झाडोरा सोडून सहसा उघड्यावर येत नाही.

राहतो कुठे?

सहाराच्या दक्षिणेला, जिथे गवत आहे आणि मधून मधून झाडं आहेत तिथे बहुतेक सगळीकडे. काटेरी बाभळींचा सव्हाना, विरळ वनं, नदीकाठची झाडं, शेतांच्या कडा, लागवडीची झाडं. घनदाट वर्षावनात नाही आणि झाड नसलेल्या उजाड वाळवंटातही नाही. कलहारी नावाला वाळवंट असली तरी तिच्यात बाभळी आणि गवत भरपूर, त्यामुळे तिथे हा आहे. किंबहुना याची खरी कीर्ती कलहारीतलीच.

त्याची गरज साधी आहे. बसायला उंच, उघडी फांदी हवी आणि खाली मोकळी जमीन हवी.

खातो काय?

मुख्यतः किडे: टोळ, भुंगे, पतंग, मधमाश्या, पंख फुटलेली वाळवी. फांदीवरून झेप घेतो, हवेतल्या हवेत किडा पकडतो आणि पुन्हा त्याच फांदीवर येतो. मोठा किडा असला तर पायाखाली दाबून तोडून खातो. आफ्रिकान्स भाषेत त्याचं नावच मिकस्टर्टबायफांगर आहे, म्हणजे दुभंगलेल्या शेपटीचा मधमाशीपकड्या.

दुसऱ्याच्या कष्टावर जगण्याची सवय त्याला मुळातूनच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात एका सकाळी हत्तींचा कळप गवतातून चालला होता. दोन कोतवाल त्यांच्या पुढे पुढे, या झुडपावरून त्या झुडपावर. हत्तीचा पाय पडला की गवतातून टोळ उडायचा आणि तो दोन हात वर जायच्या आत कोतवालाच्या चोचीत. आमच्याकडे नांगर चालू झाला की बैलांच्या मागे कोतवाल येऊन बसतो, तेच दृश्य, फक्त बैलाच्या जागी हत्ती. गवताला वणवा लागला की धुराच्या कडेलाही हे जमतात, कारण जीव वाचवायला किडे तिथूनच बाहेर पळतात. हिवाळ्यात कोरफडीच्या कुळातली झाडं फुलली की फुलांतला मधही पितात.

याला चोर का म्हणतात?

कारण तो चोर आहे. पण चोरीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे.

जुलैतली कलहारीतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. तिथे तेव्हा कडाक्याचा हिवाळा असतो, रात्री पारा शून्याखाली उतरतो. ऊन वर येईपर्यंत हवेत एक किडा उडत नाही. किडे आहेत, पण वाळूत, वीतभर खोल. कोतवालाचे आखूड पाय आणि आकडेदार चोच खणायच्या कामाची नाही. खाली मात्र मीरकॅटांची टोळी खणते आहे. मीरकॅट म्हणजे मुंगसाच्या कुळातला, मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करणारा तो प्राणी. पुढच्या पंज्यांनी वाळू उडवत ते विंचू, पाली, भुंग्यांच्या जाड अळ्या बाहेर काढतात.

कोतवाल वरच्या फांदीवर येऊन बसतो. सुरुवातीला काही करत नाही. बहिरी ससाण्यासारखा एखादा शिकारी पक्षी खरोखरच आला, तर ओरडतो. मीरकॅट बिळाकडे धावतात, वाचतात, परत येऊन खणायला लागतात. असं एकदा होतं, दोनदा होतं. मग एका मीरकॅटाच्या पंज्यात चांगला जाडजूड विंचू येतो. वर कोतवाल पुन्हा ओरडतो. तोच आवाज, तीच घाई. मीरकॅट विंचू टाकून बिळाकडे पळतो. आकाशात कुणीही नसतं. कोतवाल खाली झेप घेतो, विंचू उचलतो आणि फांदीवर जाऊन खातो.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

हे सांगोवांगी आहे की कुणी तपासलंय?

तपासलंय, आणि फार चिकाटीने. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात कुरुमन नदीचं राखीव क्षेत्र आहे. तिथे १९९३ पासून मीरकॅटांचा अभ्यास चालू आहे आणि काळ्यापांढऱ्या सातभाईंचाही मोठा अभ्यास झाला आहे. हे सातभाई आपल्या सातभाईंचेच नातेवाईक, तसेच गोंगाट करत टोळीने फिरणारे. टॉम फ्लॉवर या संशोधकाने तिथल्या कोतवालांना अळ्यांची लालूच दाखवून माणसाची सवय लावली, पायात रंगीत कडी घालून एकेकाची ओळख ठेवली आणि त्यांच्या मागे हिंडून कोण कधी ओरडतं, आकाशात तेव्हा खरंच काही असतं का, याची नोंद केली.

२०११ मध्ये त्याने दाखवलं की खोटी हाक आणि खरी हाक यांत फरक नाही. ध्वनिमुद्रण करून ऐकवल्यावर मीरकॅट आणि सातभाई दोन्हींना सारखेच पळाले. या कोतवालांच्या दिवसाच्या अन्नापैकी, वजनाने, सुमारे २३ टक्के अन्न चोरीचं असतं असंही निघालं. म्हणजे पावपोटाच्या आसपास चोरी, बाकी कष्टाची कमाई.

२०१४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पुढचा भाग आला आणि तो जास्त नवलाचा आहे. ६४ कोतवालांवर जवळपास ८५० तास नजर ठेवली, तेव्हा धोक्याच्या एकूण ५१ प्रकारच्या हाका नोंदल्या गेल्या. त्यांतल्या फक्त ६ कोतवालांच्या स्वतःच्या. उरलेल्या ४५ दुसऱ्यांच्या नकला: सातभाईंची, मैनेच्या कुळातल्या चमकदार साळुंक्यांची, खुद्द मीरकॅटांचीही. मीरकॅटाला मीरकॅटाच्याच भाषेत 'पळा' म्हणून सांगणारा हा पक्षी आहे.

'लांडगा आला रे आला'सारखं होत नाही का? प्राणी शहाणे कसे होत नाहीत?

होतात की. तोच तर मुद्दा. एकच खोटी हाक लागोपाठ ऐकवली तर तिसऱ्या वेळेपर्यंत सातभाई दुर्लक्ष करायला लागतात, हे प्रयोगात दिसलं. गोष्टीतला मेंढपाळाचा पोरगा इथेच फसला. त्याच्याकडे एकच लांडगा होता.

कोतवालाकडे आवाजांचं पोतं आहे. एका हाकेला दाद मिळाली नाही की तो पुढच्या वेळी दुसरी काढतो. आधी स्वतःची, मग साळुंकीची, मग ज्याला लुटायचंय त्याच्याच जातीची. हाक बदलली की सातभाई पुन्हा दचकतात. आणि एक लक्षात घ्या, दचकणं त्यांच्यासाठी वेडेपणाचं नाही. चुकून पळालं तर एक विंचू जातो, चुकून थांबलं तर जीव जातो.

मग त्याला हाकलून का देत नाहीत?

काही देतात. सातभाईंची मोठी टोळी असली की ते कोतवाल जवळ येताच अंगावर धावून जातात, कारण त्यांच्यात पहाऱ्याला स्वतःची माणसं पुरेशी असतात. टोळी लहान असली तर त्याला चालवून घेतात. पहाऱ्याला एक जण बसवला तर खणायला एक कमी होतो, त्यापेक्षा वरचा कोतवाल परवडला.

कोतवालही या व्यवहाराची काळजी घेतो. चोरी नसते तेव्हा तो फांदीवरून अधून मधून एक साधी हाक देत राहतो, 'मी इथे आहे, बघतोय' अशा अर्थाची. ती ऐकू आली की सातभाई कमी वेळा मान वर करतात आणि जास्त किडे मिळवतात. कलहारीत बाभळीवर गवताच्या गंजीएवढी सामाईक घरटी बांधणारे विणकर पक्षी आहेत, आपल्या सुगरणीच्या कुळातले. त्यांच्याबरोबरही कोतवालाचा असाच मामला चालतो: 'सगळं ठीक आहे' अशी हाक दिली की विणकर निर्धास्त जमिनीवर उतरतात, उतरले की खणतात, आणि खणून निघालेल्यातलं काही कोतवालाचं.

थोडक्यात, गस्त खरी आहे आणि हप्ताही खरा आहे. मराठीत याला कोतवाल म्हणणाऱ्याने आफ्रिका पाहिली नव्हती, पण नाव तिथल्यालाच जास्त शोभतं.

म्हणजे तो समोरच्याच्या मनातलं ओळखतो?

हा प्रश्न पुण्यातल्या एका मित्राने रात्री साडेअकराला फोन करून विचारला होता, म्हणून जरा सविस्तर. समोरच्याला काय वाटतंय याची कल्पना करणं आणि 'या आवाजाने काम झालं नाही, दुसरा लावून बघू' एवढं शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीनेही कोतवालाचं सगळं वागणं समजावता येतं. संशोधकांनीही मनकवडेपणाचा दावा केलेला नाही. मला स्वतःला यात काही उणं वाटत नाही. समोरच्याच्या प्रतिसादावरून पवित्रा बदलणं बऱ्याच माणसांना जमत नाही.

घरटं आणि पिल्लं?

जोडीने राहतात, दोघंही पिल्लांना भरवतात. आडव्या फांदीच्या बेचक्यात पानांचे देठ आणि काटक्या कोळ्याच्या जाळ्याने बांधून उथळ वाटी करतात, इतकी विरळ की खालून कधी कधी अंडी दिसावीत. दक्षिण आफ्रिकेत हंगाम साधारण सप्टेंबरपासून पुढे. अंडी बहुतेक वेळा तीन.

आता या चोराच्या घरी कोण चोरी करतं ते ऐका. आफ्रिकी कोकीळ आपलं अंडं याच्या घरट्यात घालते. तिचं पिल्लू आधी बाहेर येतं आणि उरलेली अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं. कोकिळेची नक्कल इतकी हुबेहूब असते की माणसाला तिचं अंडं वेगळं काढता येत नाही. पण कोतवालाच्या मादीला येतं. प्रत्येक मादीच्या अंड्यांवरची नक्षी वेगळी असते, सहीसारखी: एकीची पांढरीशुभ्र, एकीची गुलाबीसर, एकीवर ठिपके, एकीवर मोठे डाग. कोकिळेला कोतवालाचं अंडं साधारण कसं असतं ते साधलंय, पण या घरातल्या बाईची सही तिला कुठून ठाऊक असणार? झांबियाच्या दक्षिणेला चोमा या गावाजवळ झालेल्या अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, कोतवाल कोकिळेची सुमारे ९४ टक्के अंडी ओळखून फेकून देतात असं अनुमान निघालं.

नकला करून जगणाऱ्याला नक्कल पकडता येते, यात मला फार मजा वाटते.

स्वभावाने भांडकुदळ आहे का?

हो. घरट्याजवळून गरुड गेला तरी मागे लागतो, पाठीवर टोचा मारतो. माणसाच्या डोक्यावरही झडप घालतो.

आपला कोतवाल असली लबाडी करतो का?

थोडीफार. आपला काळा कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याचा आवाज काढतो, तो ऐकून साळुंक्या उडतात आणि त्यांच्या तोंडचा घास याला मिळतो, अशा नोंदी आहेत. सह्याद्रीच्या रानात भृंगराज आहे, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पातं असलेला. तो तर नकलांचा बादशहाच. रानात एकाच झाडावरून चार पक्ष्यांचे आवाज आले तर आधी भृंगराज शोधावा. पण कलहारीतल्या कोतवालाचा जसा तासन्‌तास हिशेब ठेवला गेला, तसा आपल्या तारेवरच्या काळ्या कोतवालाचा कुणी ठेवला तर मला तो वाचायला फार आवडेल. अंगणातला म्हणून आपण त्याच्याकडे पाहतच नाही.

ड्राँगो म्हणजे मूर्ख ना? माझा मुलगा मेलबर्नला आहे, तो म्हणतो तिथे शिवी आहे.

मुलगा बरोबर सांगतोय. पण दोष पक्ष्याचा नाही. ड्राँगो हा शब्द मादागास्करचा, तिथल्या लोकांनी तिथल्या तुरेवाल्या जातीला दिलेलं नाव. ऑस्ट्रेलियात १९२०च्या दशकात याच नावाचा शर्यतीचा घोडा होता. तो ३७ शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. त्यावरून 'ड्राँगो' म्हणजे कामातून गेलेला माणूस. पक्ष्याची काहीच चूक नसताना नाव खराब झालं.

संख्या कमी होतेय का?

नाही. आफ्रिकेच्या फार मोठ्या भागात हा अगदी सर्रास दिसतो आणि सध्या धोक्यातल्या पक्ष्यांत मोडत नाही.

सफारीला गेल्यावर दिसेल का? काय करायचं?

दिसेलच. मसाई मारा, क्रुगर, बोट्स्वाना, झांबिया, कुठेही जा. गंमत अशी की वाटाडे याच्यासाठी गाडी थांबवत नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो आपल्याकडच्या कावळ्याइतका नेहमीचा. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी पाहा. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की चहा घेऊन बाहेर बसा आणि कुंपणाच्या बाजूला वाळलेली, वर आलेली फांदी शोधा. पक्षी उडाला तर नजर त्याच्या मागे नेऊ नका, फांदीवरच ठेवा. तो तिथेच परत येतो. संध्याकाळी थांबा, बाकीचे पक्षी झाडांत शिरल्यावरही हा अंधार पडेपर्यंत किडे पकडत असतो.

आणि जवळ मीरकॅट किंवा सातभाई खणताना दिसले, तर कॅमेरा त्यांच्यावर धरू नका. वरच्या फांदीवर धरा, आणि आरडाओरडा झाला की आधी आकाश पाहा.